एमएस्सी स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी करावं का : दोन वर्षांचा रिव्ह्यू, मराठवाड्यात परत येणाऱ्यांसाठी

आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे घाई असलेल्यांची सुटका. एमएस्सी स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीला, म्हणजे बोलणं, भाषा, आवाज, गिळणं ह्यांच्या थेरपीच्या कोर्सला, पाचपैकी साडेतीन. क्लिनिक आणि हॉस्पिटल पोस्टिंगला पूर्ण पाच, लेक्चरला अडीच, डिझर्टेशनला तीन आणि आपल्या भागात परत येऊन काम करायची तयारी करून घेतात का याला एक, तो एक पण एका मॅडममुळं. सरासरी काढत बसू नका, जुळणार नाही, साडेतीन हे मनाने दिलेत.

लिहायचं कारण असं की नीटचा निकाल लागला की लातूर, अंबाजोगाई, परभणीकडून मेसेज सुरू होतात. एमबीबीएस लागत नाही, बीडीएसची फी झेपत नाही, तर ताई बीएएसएलपी घेऊ का, आणि ते म्हणजे नेमकं काय असतं ओ. लातुरात क्लासच्या बाहेर एवढे फ्लेक्स लागतात, पोरापोरींचे फोटो, मार्क, कॉलेजांची नावं, पण ह्या कोर्सचं नाव मी तरी एकाही फ्लेक्सवर वाचलेलं नाही. दुसरे मेसेज असतात डिग्री झालेल्यांचे, की आता एमएस्सी करू का सरळ क्लिनिक टाकू. हा रिव्ह्यू मुख्यतः ह्या दुसऱ्यांसाठी आहे, पहिल्यांसाठी थोडक्यात सांगते.

बीएएसएलपी म्हणजे चार वर्षांची डिग्री, शेवटचं वर्ष इंटर्नशिप, त्यात कान आणि वाचा दोन्ही शिकवतात. महाराष्ट्रात सीईटी सेलमधून नीटच्या मार्कांवर ॲडमिशन होतं, काही राष्ट्रीय संस्थांची परीक्षा वेगळी असते. डिग्रीवर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन मिळतं आणि तेवढ्यावर प्रॅक्टिस करता येते. त्यापुढं दोन वर्षांचं एमएस्सी. पूर्वी मास्टर्स दोन्ही विषयांचं मिळून एकच असायचं, आता ऑडिओलॉजी, म्हणजे कानाचं, वेगळं आणि एसएलपी, म्हणजे आमचं स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, वेगळं झालंय. ऑडिओलॉजीवाल्यांकडं मशीन असतं, साउंडप्रूफ खोली असते, हिअरिंग एडची विक्री असते, पैसा लवकर दिसतो. आमच्याकडं दोन खुर्च्या, एक आरसा, चित्रांची कार्डं आणि साबणाचे फुगे. माझे मामा अजून विचारतात, तुझं दुकान नेमकं कशाचं गं.

मी डिग्रीनंतर काही काळ आपल्याच भागात नोकरी केली, मग बाहेर जाऊन एमएस्सी केलं आणि परत आले. कॉलेजचं नाव सांगणार नाही, कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत. शिवाय ज्या ज्या कॉलेजांतल्या मैत्रिणींशी बोलले त्यांच्या तक्रारी थोड्याफार सारख्याच निघाल्या, त्यामुळं नावाने फरक पडत नाही.

चांगल्यापासून सुरू करते. ह्या कोर्सची फी तुम्ही भरता ती खरं तर क्लिनिकची असते, वर्गाची नाही. सकाळी ओपीडी, पेशंट तुमच्या नावावर लागलेले, तुम्ही खोलीत लेकराबरोबर जमिनीवर बसलेल्या आणि एकतर्फी काचेच्या पलीकडं सुपरवायझर मॅडम. त्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला फक्त तुमचाच चेहरा दिसतो, पहिले काही आठवडे घशाला कोरड पडते. सेशन झालं की फीडबॅक, आणि तो गोड नसतो. आमच्या एक मॅडम व्हिडिओ लावायच्या आणि म्हणायच्या की पंचेचाळीस मिनिटांत तू किती वाक्यं बोललीस आणि लेकरू किती बोललं ते मोज. बॅचमध्ये एकजण असा नव्हता ज्याचा आकडा लेकरापेक्षा कमी आला. मग शिकवलं काय तर गप बसणं. चित्र दाखवायचं, प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत मोजत नुसतं तोंडाकडं बघत थांबायचं. वाचायला सोपं वाटतंय पण करून बघा, तिसऱ्या सेकंदाला आपल्यालाच राहवत नाही आणि उत्तर आपणच देऊन टाकतो. हे पुस्तकातून येत नाही, युट्यूबवरून तर अजिबातच नाही, कुणीतरी काचेमागून बघत रोज टोकावं लागतं. नुसत्या ह्या एका गोष्टीसाठी कोर्स वसूल आहे असं मी म्हणेन.

दुसरं, गिळण्याचा विषय. बाहेरच्या लोकांना हे माहीतच नसतं की स्पीच थेरपिस्ट गिळण्यावर पण काम करतो. अर्धांगवायूचा झटका, डोक्याला मार, तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर, पार्किन्सन, ह्या सगळ्यांत घास किंवा पाणी श्वासनलिकेकडं जाऊ शकतं आणि मग न्यूमोनिया. माझ्या डिग्रीत हा विषय उरकला होता, एमएस्सीत न्यूरो वॉर्डला उभं राहून शिकले. खाटेपाशी जाऊन आधी आवाज ऐकायचा, पाणी प्यायल्यावर ओला, खळखळल्यासारखा येतो का, ९० मिली पाणी एका दमात न थांबता पिता येतं का, ठसका लागतो का. आणि सगळ्यांत भीती कशाची तर ठसकाच न लागण्याची. काही जणांच्या फुफ्फुसाकडं पाणी जातं आणि खोकला येतच नाही, घरचे म्हणतात मस्त पितात की बाबा. ते बघायला बेरियम मिसळून एक्स-रेचा व्हिडिओ काढतात किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालतात. पहिल्यांदा स्क्रीनवर तो काळा ओघळ चुकीच्या वाटेने जाताना बघितला तेव्हा त्या पेशंटच्या पोरीला कसं सांगायचं हाच विचार डोक्यात होता, आणि ते सांगायचं कसं हे पण मॅडमनीच शेजारी उभं राहून दाखवलं.

आता इथं पहिली तक्रार. जेवणाच्या घट्ट-पातळपणासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, ० ते ७ अशा आठ पातळ्या. पातळ पदार्थ मोजायला १० मिलीची सिरिंज भरायची, १० सेकंद वाहू द्यायचं आणि किती उरलं ते बघायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पाण्यासारखं पातळ, ८ च्या वर उरलं तर चांगलंच घट्ट. पद्धत एकदम झकास, स्वस्त, कुठंही करता येते. पण शिकवताना उदाहरणं सगळी योगर्ट, कस्टर्ड, मॅश्ड पोटॅटोची. आमच्या पेशंटच्या घरी कस्टर्ड कोण करतंय. मी आणि माझी एक नांदेडची बॅचमेट, आम्ही हॉस्टेलवर इंडक्शनवर आंबील, पेज, पिठलं, कण्या, पातळ वरण असं एकेक करून सिरिंजमधून सोडून बघितलं आणि वहीत उतरवलं. आंबील सकाळची वेगळी आणि दुपारी गार झालेली वेगळी, घट्ट होत जाते, हे पण तेव्हाच कळलं. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट, आपल्याकडं आजारी माणसाला मऊ म्हणून दुधात भाकरी कुस्करून देतात. दिसायला मऊ, पण त्यात दूध पातळ आणि भाकरीचे तुकडे घन, तोंडात दोन्ही वेगळे होतात, तुकडे चावेपर्यंत दूध मागच्या मागं घरंगळतं. ज्याचं गिळणं बिघडलंय त्याला असा मिश्र घास सगळ्यांत अवघड. आजीच्या मायेला हे सांगणं म्हणजे परीक्षाच असते, त्याला मार्क पण नसतात. ही वही मी आजही वापरते. कोर्सने दिली नाही, पण कोर्समुळं करता आली, असं दोन्ही खरं आहे.

ॲफेझियाची, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवलेल्यांची, पोस्टिंग पण अशीच भारी. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलेला दुकानदार, समोरच्या पेनाला पेन म्हणता येत नाही, स्वतःच्या पोराचं नाव ओठावर येत नाही, पण एक ते वीस आकडे घडाघड म्हणतो आणि भजन लावलं की शब्दासकट गातो. घरच्यांना वाटतं मुद्दाम करायलाय. पाठ झालेलं बोलणं आणि मनातून जुळवून केलेलं बोलणं ह्यांचं मेंदूतलं काम वेगळं चालतं, म्हणून सूर धरून बोलणं परत आणायची एक थेरपीच आहे, १९७३ पासूनची. हे वाचलेलं असतं, पण समोर घडताना बघितलं की मग कळतं आपण कुठल्या कामात पडलोय. जाता जाता एक सांगते कारण फार कमी घरांना माहीत असतं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार धरलेत आणि त्यात वाचा-भाषा हा प्रकार आहे, ॲफेझियामुळं किंवा स्वरयंत्र काढल्यामुळं आलेलं कायमचं अपंगत्व त्यात बसतं. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

लेक्चरबद्दल फार बोलायचं नाही. पीपीटी, वाचून दाखवतात. मेंदूतल्या भाषेच्या जागा सांगणारे ब्रोका १८६१, व्हर्निके १८७४, परीक्षेत लिहा, पास व्हा. पुस्तकं बहुतेक अमेरिकेची, त्यामुळं लेकराची भाषा कशी वाढते ह्याची उदाहरणं इंग्लिश वाक्यांची. आपल्या भाषेत तीन लिंगं, क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, ळ आणि ण आहेत, लेकरं ह्या गोष्टी कोणत्या क्रमाने उचलतात हे शिकायचं तर सिनियरच्या डिझर्टेशनच्या फाइली लायब्ररीत शोधा. आणि मराठी म्हणली तरी ती पुण्या-मुंबईची धरतात. माझ्या एका बॅचमेटने हिंगोलीच्या पोराच्या रिपोर्टमध्ये आपल्याकडचं नेहमीचं "करायलाव, जायलाव" हे व्याकरणाची चूक म्हणून मांडलं होतं. तिला दोष नाही, ती दादरची, तिने ऐकलंच नव्हतं कधी. पण मग विचार करा, तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं लेकरू, संभाजीनगरच्या जुन्या शहरातलं दखनी बोलणारं, देगलूरचं तेलुगू घरातलं, उमरग्याचं कानडी घरातलं, ही सगळी शाळेत मराठीत येतात. ह्यांच्यातलं कोण खरंच मागं आहे आणि कोणाला नुसती भाषा नवीन आहे हे ओळखायला घरच्या भाषेतून तपासावं लागतं, निदान आईला नीट विचारावं तरी लागतं. हा अख्ख्या सेमिस्टरचा विषय आहे, आमच्याकडं एका तासात संपला.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्यासाठी एक स्टार दिला. सगळा कोर्स असं धरून चालतो की पेशंट आठवड्यातून दोनदा येईल, पाऊण तास बसेल, वर्षभर येत राहील. शहरात येतात पण, रिक्षाने, लोकलने. आपल्याकडं औसा, निलंगा, गेवराई, पाथरी कुठलंही गाव घ्या, आईला लेकरू काखेत घेऊन एसटीने यायचं म्हणजे दिवस जातो, रोजगार बुडतो, घरी दुसरं लेकरू असतं, सासूला पटवावं लागतं. महिन्यातून एकदा आली तरी मी खुश असते. आणि बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची घरं तर दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, लेकरं बरोबर, फडात राहतात, पाडव्याच्या आसपास परत. तेवढे महिने थेरपी बंद म्हणजे बंद. टाळूचं ऑपरेशन झालेलं लेकरू, ज्याच्या थेरपीची खरी वेळ हीच, ते उसाच्या फडात असतं. लातुरात फाटलेल्या ओठाची-टाळूची ऑपरेशनं मोफत होतात हे गावोगाव माहीत झालंय, पण टाके निघाल्यावर लेकरू नाकात बोलतंय, प आणि ब च्या ठिकाणी घशातूनच झटका देतंय, त्याला थेरपी लागते हे सांगणारा पुढं कुणी भेटत नाही. ह्या परिस्थितीत आठवड्याला दोन सेशनचा प्लॅन कागदावर एकदम सुंदर दिसतो.

आमच्याकडं हे ओळखून होत्या त्या एकच मॅडम, मूळच्या खान्देशातल्या. त्यांचा नियम होता की सेशनची शेवटची पंधरा मिनिटं थेरपी तुम्ही करायची नाही, आईने करायची, नाहीतर आजीने, नाहीतर बरोबर आलेल्या मोठ्या बहिणीने, आणि तुम्ही हात बांधून बघायचं आणि एकच गोष्ट सुधारायची. एकच. पाच सांगितल्या तर त्या मावशी घरी जाऊन एकही करणार नाहीत. घरात खेळणी नसतील तर चूल, भांडी, शेळी, लसूण सोलणं, पाणी भरणं ह्यातून शब्द कसे काढायचे ते आईकडूनच काढून घ्यायचे. "मॅडम लेकरू पाणी मागायलंय, पण बोटच दाखवतंय" असं आई म्हणली की तिला विचारायचं, मग तुम्ही पेला हातात देण्याआधी किती वेळ थांबता? बस, तिथून सुरुवात. बाकी सुपरवायझर आमच्या लेसन प्लॅनमध्ये ८० टक्के ॲक्युरसी लिहिलंय का बघायच्या, ह्या मॅडम बघायच्या की आई जाताना कोणती एक गोष्ट घेऊन चाललीय. मी आज जे काही करते त्यातलं निम्मं ह्यांचं आहे, आणि हे सिलॅबसमध्ये कुठंतरी "पालक समुपदेशन" अशा दोन शब्दांत येऊन जातं.

लेसन प्लॅनवरून आठवलं. प्रत्येक पेशंटचा प्रत्येक आठवड्याचा प्लॅन, हाताने, ठरलेल्या रकान्यांत. रात्री एक-एक वाजेपर्यंत ते लिहायचं आणि सकाळी झोपाळलेल्या डोळ्यांनी लेकराबरोबर फुगे उडवायचे. त्यावर लॉगबुक, केलेल्या तासांवर सही लागते, आणि सही करणाऱ्या एका मॅडमना सेमिस्टर संपेपर्यंत वेळ नाही. आमच्या मागच्या बॅचच्या एका मुलीचे तास भरलेले असून नुसत्या सह्यांसाठी परीक्षेचा फॉर्म अडकत अडकत शेवटच्या दिवशी गेला. हा शिक्षणाचा भाग नाही, हा सरळ सरळ छळ आहे. मेसबद्दल लिहितच नाही, भाकरी मिळत नव्हती एवढंच.

डिझर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रबंध, ठीकठाक. गाइड चांगला मिळाला तर सोनं. एथिक्स कमिटी, संमतीपत्रं, सॅम्पल, मग स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांच्या मागं फिरणं. मी आवाजावर काम केलं, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या. साठ-सत्तर पोरांचा वर्ग, पत्र्याचा आवाज, दिवसभर ओरडून शिकवणं, सुट्टीतही आवाज बसलेला. आवाजाचं विश्लेषण प्रात नावाच्या सॉफ्टवेअरवर केलं, ते आम्स्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी बनवलंय आणि एकदम फुकट आहे, तुमच्या जुनाट लॅपटॉपवर पण चालतं, त्यामुळं महागड्या मशीनच्या जाहिरातीला भुलून कॉलेज निवडू नका. फायदा हा झाला की आता कुणी व्हॉट्सॲपवर "ह्या औषधाने ३ महिन्यांत तोतरेपणा कायमचा बंद" पाठवलं की मी तीन प्रश्नांत ते उघडं पाडू शकते.

तो विषय निघालाच आहे तर. आपल्याकडं लेकरू बोलना गेलं की आधी वेखंड उगाळून जिभेला लावतात, मग कुणीतरी सांगतं जिभेखालची तार कापा, मग "ह्याचा बाप पण पाच वर्षांनी बोलला होता" म्हणून दोन वर्षं अशीच जातात, आणि मग आमच्याकडं. जिभेखालची तार आखूड असणं आणि लेकरू उशिरा बोलणं ह्यांचा संबंध फारच थोडा. कानाची तपासणी मात्र कुणी केलेली नसते, जी पहिली करायला पाहिजे. ह्यात भर म्हणजे काही दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन "स्पीच थेरपी सेंटर"चे बोर्ड लावणारे. आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यात रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हजार रुपये! तेवढं तर ते एका दिवसात कमावतात. म्हणून एमएस्सी केल्याने आपोआप पेशंट वाढतात ह्या भ्रमात राहू नका, बोर्डवरची अक्षरं लोक वाचत नाहीत, शेजारणीच्या लेकराला फरक पडला का ते विचारतात.

पैशाचं. सरकारी ठिकाणी फी हजारांत, खासगीत लाखांत, आणि सरकारी जागा फारच थोड्या. मैसूरची एआयआयएसएच, म्हणजे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ ची, ह्या क्षेत्रातलं आपल्या देशातलं सगळ्यांत मोठं नाव, तिथं गेलात तर कन्नड पेशंट असणार म्हणजे कन्नड शिकावंच लागतं, उदगीर-उमरग्याच्या पोरांना उलट फायदाच आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, १९८३ पासून, आणि नायर हॉस्पिटलचं कॉलेज, पुण्यात भारती विद्यापीठ. मराठी पेशंट पाहिजेत तर महाराष्ट्रातच बघा असं माझं मत, भले नाव थोडं लहान असू द्या.

परत आल्यावर नोकरी? लहान मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी आरबीएसके कार्यक्रम २०१३ ला सुरू झाला, त्याची जिल्ह्याला लेकरांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करायची सेंटरं असतात, डीईआयसी म्हणतात, तिथं आमची पोस्ट असते पण कंत्राटी, पगार बघून एमएस्सीवाल्याचा हिरमोड होतो. काम मात्र खरं आहे आणि पेशंट भरपूर. शाळा आहेत, मोठ्या हॉस्पिटलचे न्यूरो विभाग आता विचारायला लागलेत. स्वतःचं क्लिनिक टाकलं तर पहिलं वर्ष "नुसतं खेळवायचे एवढे पैसे का ओ मॅडम" हे ऐकायची तयारी ठेवा. मी त्यावर उपाय म्हणून आईलाच खोलीत घेते, तिने स्वतः करून बघितलं की तो प्रश्न परत येत नाही. ऑटिझमच्या, न बोलणाऱ्या लेकरांसाठी चित्रं दाबून बोलायची ॲप असतात, आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो फुकट आहे, ते पण आईच्याच मोबाइलवर टाकून देते. पालकांची भीती असते की ॲप दिलं तर बोलणारच नाही, तसं होत नाही, हे समजवायची तयारी कोर्सने चांगली करून दिली, त्याचं श्रेय देते.

आणि हो, सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, ह्यावर अमेरिकेला जाता येतं का. सरळ नाही. तिथली प्रमाणपत्र देणारी संघटना आशा, तिचा परस्पर मान्यतेचा करार कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी आहे, आपल्याशी नाही. तिथं मास्टर्स हीच सुरुवातीची पात्रता, ४०० तास क्लिनिक, त्यात २५ नुसतं बघायचे आणि ३७५ प्रत्यक्ष पेशंटबरोबर, मग प्रॅक्सिस नावाच्या परीक्षेत किमान १६२ मार्क, मग ३६ आठवड्यांची आणि किमान १२६० तासांची फेलोशिप, आणि राज्याचं लायसन्स त्याहून वेगळं. इथलं शिक्षण समतुल्य आहे का ते आधी तपासून घ्यावं लागतं. तिकडंच जायचं पक्कं असेल तर इथलं एमएस्सी करून परत तिथलं मास्टर्स असा दुहेरी खर्च करू नका, डिग्रीनंतरच ठरवा.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. ज्याला आठवड्यात रिझल्ट पाहिजे त्याने अजिबात नाही. एकच ध्वनी बसवायला महिने जातात, स्ट्रोकचा पेशंट दोन शब्दांवर अडकून राहतो आणि घरचे तुमच्याकडं बघत असतात. शिवाय फक्त लहान लेकरांबरोबरच काम करायचंय, वॉर्ड नको, अशी आवड असेल तर डिग्री आणि एखाद्या चांगल्या थेरपिस्टच्या हाताखाली दोन-तीन वर्षं, एवढ्यावर पण भागतं. वॉर्ड, गिळणं, आवाज, कॅन्सर ह्यात उतरायचं असेल तर मात्र एमएस्सीशिवाय पर्याय नाही, आणि गुटखा-तंबाखू आपल्याकडं ज्या प्रमाणात चालते ते बघता तोंडा-घशाच्या कॅन्सरचे पेशंट कमी पडणार नाहीत हे दुर्दैवाने सांगावं लागतं.

कॉलेज निवडताना वेबसाइटवरचे बिल्डिंगचे फोटो बघू नका. फी भरायच्या आधी एका साध्या वारी सकाळी अकराला त्यांच्या ओपीडीत जाऊन बाकड्यावर बसा आणि किती पेशंट येतात, कोण तपासतंय, स्टुडंटबरोबर सुपरवायझर खरंच असतात का ते बघा. सेकंड इयरच्या कुणाला तरी चहा पाजून विचारा की गिळण्याचे पेशंट स्वतःच्या हाताने किती बघितलेस, लॉगबुकवर सह्या कधी होतात, आणि आई-वडिलांना खोलीत घेतात का बाहेर बसवतात. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आणि आरसीआयच्या वेबसाइटवर जाऊन त्या कॉलेजच्या त्या कोर्सला चालू वर्षाची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि कोर्सप्रमाणे वेगळी असते, बीएएसएलपीला आहे म्हणून एमएस्सीला असेलच असं धरून चालू नका, ऑफिसमधले "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले तर पैसे खिशातच ठेवा.